‘रँक वाया जाईल’ : एका शाखानिवडीचं प्रकरण

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की चांगली रँक आलेल्या प्रत्येकाला एक वाक्य ऐकावं लागतं : "एवढी रँक आली आहे, वाया घालवू नकोस." म्हणजे काय करायचं, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्या रँकला मिळू शकणारी सगळ्यांत ‘वरची’ शाखा घ्यायची. पुढचं प्रकरण या वाक्याच्या दबावाखाली घेतलेल्या एका निर्णयाचं आहे.

मी विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची शाखा, शिकवते. पसंतीक्रम भरायच्या दिवसांत इंटर्न आणि माजी विद्यार्थी आमच्या विभागात येऊन बसतात, कधी एकटे, कधी आईवडिलांना घेऊन. त्यातल्या बहुतेकांपुढे फारसे पर्याय नसतात. आमच्याच विभागात दरवर्षी अशी मुलं येतात की त्यांनी ही शाखा निवडलेली नसते, ती त्यांच्या वाट्याला उरलेली असते. जिच्याबद्दल लिहिते आहे तिच्यापुढे मात्र खरोखरची निवड होती. म्हणूनच निवड नेमकी कशानं ठरते, हे या प्रकरणात नीट दिसतं. लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, आणि तिला मी फक्त ‘ती’ म्हणणार आहे.

पार्श्वभूमी

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर सांभाळते, धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला. सगळ्या नात्यागोत्यात डॉक्टर झालेली ही पहिलीच. २०१७ साली एमबीबीएसला प्रवेश मिळाला, कोविडनं वेळापत्रक लांबलं आणि इंटर्नशिप संपायला २०२३ उजाडलं.

त्या इंटर्नशिपबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण गुंता तिथूनच सुरू होतो. कागदावर हे वर्ष प्रत्येक विभागात हातानं काम करून शिकण्याचं असतं. प्रत्यक्षात ते पीजीच्या अभ्यासाचं वर्ष झालं आहे. मोबाइलवर व्हिडिओ लेक्चर, दिवसाला ठरलेले एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न), महिन्याला ग्रँड टेस्ट. पोस्टिंग ‘सेट’ करायचं, म्हणजे दोघांनी आपापसात वाटून घ्यायचं, एकानं वॉर्डात थांबायचं आणि दुसऱ्यानं लायब्ररीत. तिनंही तेच केलं. भूलशास्त्राचे पंधरा दिवस सहीपुरते झाले. रेडिओलॉजीत, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन वाचणाऱ्या विभागात, ती इंटर्न म्हणून एकदाही बसली नाही. या मुलांना मी दोष देत नाही. परीक्षा दोनशे प्रश्नांची, आठशे गुणांची, आणि एकेका गुणामागे माणसांची रांग उभी. पण याचा परिणाम असा होतो की ज्या शाखेत उभा जन्म काढायचा तिचा एक साधा दिवसही मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, नाहीतर दहा लाख रुपये भरावे लागतात. एवढे पैसे घरात नव्हते, आणि तिला सेवा टाळायचीही नव्हती. पूर्व विदर्भातल्या तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात तिला नेमणूक मिळाली.

तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. ऑपरेशन थिएटर होतं, त्यात दिवे होते, टेबल होतं, भुलीचं यंत्रही होतं. कायमचा भूलतज्ज्ञ मात्र नव्हता. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या शहरातून एक जण केसमागे मानधनावर यायचे. ते मोकळे असले तर सिझेरियन व्हायचं. दुसऱ्या रुग्णालयात अडकलेले असले तर १०८ ला फोन करून बाईला जिल्ह्याला पाठवायचं. रेफरल रजिस्टर भरायचं काम तिच्याकडे होतं. त्यात ‘पाठवण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. पानं उलटताना तिच्या लक्षात आलं की अडलेल्या बाळंतिणींसमोर पुन्हा पुन्हा एकच कारण लिहिलेलं आहे : ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’. वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या सह्यांखाली, पण कारण तेच.

एका पहिलटकरणीबरोबर ती स्वतः रुग्णवाहिकेतून गेली. बाळाचे ठोके मंदावत होते. आई आणि बाळ दोघंही वाचली, बाळ काही दिवस जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात होतं. आपण स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं, असं तिनं त्या रात्री ठरवलं. हा निर्णय पुढे बदलला, आणि कसा बदलला तेच या प्रकरणातलं सगळ्यांत शिकण्यासारखं.

अडचण काय होती

२०२४ ची नीट-पीजी २३ जूनला होणार होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, आणि मुलं गाड्यांमधून आणि लॉजवरून परत फिरली. नवी तारीख आली ११ ऑगस्ट. त्याच्या दोन दिवस आधी, ९ ऑगस्टला, कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरात त्या आठवड्यात काय बोललं गेलं असेल, ते सांगायची गरज नाही.

२३ ऑगस्टला निकाल लागला. तिची रँक पहिल्या काही हजारांत होती. राज्याच्या कोट्यातून परिघावरच्या एखाद्या महाविद्यालयात रेडिओलॉजी मिळू शकेल, अशी ती रँक. फोन सुरू झाले. मामा म्हणाले, रेडिओलॉजीच. बाबांच्या शाळेतले सहकारी म्हणाले, रेडिओलॉजीच. तिच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर त्याआधीच म्हणून मोकळा झाला होता. एका नातेवाइकाचं तालुक्याच्या गावी डायग्नोस्टिक सेंटर होतं. त्यांनी सांगून टाकलं, "तू फक्त एमडी होऊन ये, खुर्ची तयार आहे."

बाबांनी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. तीन वर्षांचे कट-ऑफ, महाविद्यालयवार, शाखावार. मिळण्यासारखी रेडिओलॉजी पिवळ्या रंगात, मेडिसिन हिरव्या, त्वचारोग निळ्या. तक्ता फार मेहनतीनं केलेला होता, आणि त्यात मुलीबद्दलची काळजी दिसत होती. पण त्यात शाखा निवडायचा एकच निकष होता, ती शाखा किती लोकांना हवी आहे. स्त्रीरोग आणि भूलशास्त्र या शाखांना रंगच नव्हता, कारण त्या ‘तर मिळतीलच’.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिची अडचण तिनं अशी मांडली : "मॅडम, मला गायनिक हवं होतं. आता सगळे म्हणतात रेडिओ घे. आणि मला खरंच कळत नाहीये, की मला गायनिक हवं आहे की मला फक्त त्या रात्रीचं वाईट वाटतंय."

इतका प्रामाणिक प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला आहे. एका प्रसंगातून आलेली ओढ आणि रोजच्या कामाची आवड यांत फरक आहे, हे तिला दिसत होतं. दोन्ही तपासायला वेळही होता. ऑगस्टअखेर निकाल आणि नोव्हेंबरमध्ये प्रवेशफेऱ्या, म्हणजे मधे जवळजवळ तीन महिने.

समोरचे पर्याय

मेडिसिन आणि त्वचारोग हे पर्याय तिनं लवकर बाजूला ठेवले. मेडिसिननंतर डीएम ही अतिविशेष पदवी केल्याशिवाय भागत नाही, असं तिच्या पिढीला वाटतं, आणि आणखी तीन वर्षं तिला नको होती. त्वचारोगात मन रमत नव्हतं. पुन्हा परीक्षा देऊन रँक सुधारावी, असंही एक-दोघांनी सुचवलं. ते तिनं ऐकूनच घेतलं नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

रेडिओलॉजीच्या बाजूनं खूप काही होतं, आणि ते कमी लेखण्यात अर्थ नाही. रात्री झोप मिळते. रुग्णाच्या नातेवाइकांचा जमाव अंगावर येण्याचा धोका कमी. नोकरीची सुरुवातच चांगल्या पगारावर. लग्न, मूल, घर यांच्याशी जुळवता येतं, हे आई दबक्या आवाजात म्हणाली, पण घरातला सगळ्यांत वजनदार मुद्दा तोच होता. शाखानिवडीवर जगात कुठेही बोलणं निघालं की आपल्या वेळेवर आपला ताबा असणं हे कारण वरच्या क्रमांकावर येतं. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत त्यात घरच्यांची सगळी भीती मिसळते, आणि त्या वर्षी ऑगस्टनंतर ती भीती निराधार आहे, असं कोण म्हणणार?

धाकट्या भावाचा मुद्दा वेगळा होता : कृत्रिम बुद्धिमत्ता रेडिओलॉजी गिळून टाकेल. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन या नामवंत संगणकशास्त्रज्ञानं रेडिओलॉजिस्ट घडवणं आताच थांबवा, असं म्हटलं होतं. पाच वर्षांत यंत्रं त्यांच्यापेक्षा सरस ठरतील, असा त्याचा अंदाज होता. ती पाच वर्षं कधीच उलटून गेली, आणि रेडिओलॉजिस्टची मागणी काही आटली नाही. या मुद्द्यावर निर्णय घेऊ नकोस, एवढं मी तिला सांगितलं.

ज्याचा विचार घरात कुणीच केला नव्हता, ती गोष्ट म्हणजे त्या ‘तयार खुर्ची’चं वास्तव. तालुक्यातल्या रेडिओलॉजिस्टच्या कामात मोठा वाटा सोनोग्राफीचा, आणि सोनोग्राफी म्हणजे १९९४ चा पीसीपीएनडीटी, गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा. यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईमागे ‘एफ’ फॉर्म, तपासणी पथकं. त्या फॉर्ममधल्या चुका किरकोळ म्हणून सोडता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या राज्यात मुलींच्या जन्माबाबत जे घडलं ते पाहता हा कडकपणा मला गरजेचा वाटतो. पण दुसऱ्याच्या मालकीच्या सेंटरमध्ये, नात्याच्या भिडेत बसून तो पाळायचा असेल, तर आधी विचार करायला हवा.

स्त्रीरोग : ओढ होती, पण शाखा दमवणारी. प्रसूतीला दिवस-रात्र नसते. खासगीत उतरायचं तर स्वतःचं प्रसूतिगृह, म्हणजे कर्ज, जागा, परवाने, माणसं.

भूलशास्त्र या यादीत नव्हतंच. ते बोलण्यात आलं तिच्या तोंडून, आणि तेही तक्रार म्हणून. रजिस्टरमधल्या त्या रकान्याबद्दल ती सांगत होती. मी विचारलं, "तुझ्या रुग्णालयात कमी कशाची होती? स्त्रीरोगतज्ज्ञाची?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी गायनिक करून तिथे गेले असते, तर मीही १०८ लाच फोन केला असता."

घरी हा विचार सांगितला तेव्हा आजी म्हणाली, "मंग तू लोकायले झोपवतच राहशीन काय वं?" बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना ही थट्टा वाटली.

काय केलं

मी तिला कुठली शाखा घे ते सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की कट-ऑफचा तक्ता चार दिवस मिटून ठेव आणि दोन माणसांबरोबर काम करून ये. मोठ्या कॉलेजातले प्राध्यापक नकोत. तुला ज्या प्रकारच्या गावात राहायचं आहे तिथे पंधरा-वीस वर्षं काम केलेला एक रेडिओलॉजिस्ट आणि एक भूलतज्ज्ञ, एवढे पुरेत. दोघंही शोधून देता आले.

रेडिओलॉजिस्टकडचा दिवस तिला आवडला, हे नोंदवलं पाहिजे. पोटदुखी म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन आलेल्या एका तरुणीच्या पोटात रक्त साठलेलं दिसलं. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहिली नाही, प्रोब खाली ठेवून स्वतः सर्जनला फोन केला. रेडिओलॉजी म्हणजे रुग्णापासून लांब बसणं, हा तिचा समज तिथेच गेला. दुसरीकडे, सकाळी नऊ ते रात्री नऊ अंधाऱ्या खोलीत, खांदा धरून आलेला, आणि बाजूच्या टेबलावर ‘एफ’ फॉर्मचे गठ्ठे, हेही तिनं पाहिलं. डॉक्टर समाधानी होते. मी ही शाखा पुन्हा घेईन, असं ते म्हणाले.

भूलतज्ज्ञ बाई शहरातल्या पाच-सहा छोट्या रुग्णालयांत कॉलवर जाणाऱ्या. स्वतःचं साहित्य बॅगेत, गाडीच्या मागच्या सीटवर. त्यांच्याबरोबर ती एक पूर्ण रात्र होती. सिझेरियनसाठी एका गरोदर बाईच्या मणक्यात भूल दिली, तिला टेबलावर आडवं करून डावीकडे किंचित कलतं ठेवलं. मिनिटभरात बाई पुटपुटली, "मळमळतंय." रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी तेव्हा कुठे फुगायला लागली होती. आकडा यायच्या आतच भूलतज्ज्ञांच्या हातातली सिरिंज सलाइनला लागली होती. मणक्यात भूल दिली की दाब घसरतो, आणि घसरण्याची पहिली खबर बऱ्याचदा यंत्राआधी ती बाईच देते, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं त्या रात्री. स्त्रीरोगतज्ज्ञांचं लक्ष चिरेवर होतं, बालरोगतज्ज्ञांचं बाळाकडे. आईकडे पूर्ण वेळ पाहणारं माणूस त्या खोलीत एकच होतं.

परत येताना गाडीत बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. केस कुणाची, तर सर्जनची. भूल कुणी दिली, ते रुग्णाच्या लक्षात राहत नाही. पैसे महिनाअखेरीस, कधी त्याही पुढे. काही बिनसलं तर पहिलं बोट भुलीकडे. एकाच सर्जनवर विसंबून राहिलीस तर त्याला ‘आज करू नका’ म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून चार ठिकाणी काम ठेवायचं. स्वतःचं हॉस्पिटल नाही, म्हणून डोक्यावर कर्जही नाही.

ती परत आली ती ठरवूनच. राहिला प्रश्न घरचा आणि पसंतीक्रमाचा.

पसंतीक्रमाबद्दल बरेच पालक चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. वाटप गुणवत्तेनं होतं आणि तुमच्या यादीत वरून खाली येत जो पहिला पर्याय तुमच्या रँकला मोकळा असेल तो मिळतो. म्हणजे खरा निर्णय यादीच्या क्रमातच घेतला जातो. जे नको आहे ते ‘असू दे, मिळणार नाही’ म्हणून वर टाकलं आणि ते मिळालं, तर मग तक्रारीला जागा नाही.

बाबांचा आग्रह होता की राज्यातल्या सगळ्या रेडिओलॉजीच्या जागा आधी आणि भूलशास्त्र त्यांच्याखाली. मी त्यांना भेटायला बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. पोरगी हुशार आहे, भावनेच्या भरात रँक वाया घालवतेय." मी त्यांना विचारलं, "नव्या, दूरच्या कॉलेजातली रेडिओलॉजी आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातली भूल, दोन्हींत तीन वर्षांत हिच्या हाताखालून किती आणि कसे रुग्ण जातील?" हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नव्हता. ते शिक्षक आहेत. शाळेच्या नावापेक्षा वर्गात काय चालतं ते महत्त्वाचं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पण ते लगेच मान्य झाले असंही नाही. त्यांनी मला एकच उलट प्रश्न केला, "तिथल्या ड्युटी रूमला आतून कडी आहे का?"

याचं उत्तर तोंडी आश्वासन देऊन भागण्यासारखं नव्हतं. तिनं मुंबईतल्या तीन महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टर मुलींना फोन करून हेच विचारलं : ड्युटी रूम कुठे, मुलींची वेगळी आहे का, थिएटरपासून हॉस्टेलपर्यंत रात्री कसं जाता. उत्तरं सारखी नव्हती. एका महाविद्यालयाचं नाव तिनं फक्त या कारणानं खाली घेतलं. शाखानिवडीच्या कुठल्याही मार्गदर्शनात हा निकष मी पाहिलेला नाही. मुलींसाठी तो असायलाच हवा.

शेवटी राज्याच्या कोट्यासाठीची यादी अशी झाली. वरती मुंबई-पुणे-नागपूरमधल्या रेडिओलॉजीच्या मोजक्या जागा, ज्या मिळाल्या तर ती आनंदानं घेणार होती. त्याखाली मुंबईतलं भूलशास्त्र. परिघावरची रेडिओलॉजी त्याच्याही खाली. ही तडजोड होती, पण स्वच्छ तडजोड. देशभरातल्या उमेदवारांसाठी असलेल्या अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत तिला परराज्यातल्या एका महाविद्यालयात रेडिओलॉजी मिळाली. त्या कोट्याची वेगळी यादी आधीच भरलेली होती, आणि बाबांच्या क्रमानं. पहिल्या फेरीतली जागा न घेता बाहेर पडता येतं. ती बाहेर पडली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. राज्याच्या फेरीत मुंबईतलं भूलशास्त्र मिळालं आणि ती रुजू झाली.

एक वळण अजून होतं. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली तर सध्याची आपोआप सुटते. ते नको असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरून आहे ती जागा कायम करायची. मामांचा फोन आला : अजून एक फेरी बघ, यादीत वर रेडिओ आहेच. तिनं अर्ज भरला आणि मग बाबांना कळवलं. विचारलं नाही, कळवलं. माझ्या मते शाखा तिनं खऱ्या अर्थानं निवडली ती या अर्जानं.

पुढे काय झालं

सगळं छान झालं, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पहिले सहा महिने फार कठीण गेले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कार्यगटानं २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले होते. तिच्या पहिल्या वर्षाचे आठवडे त्यात मावले नाहीत. उशिरा पाठवलेली, रक्तस्राव न थांबलेली एक बाळंतीण टेबलावर गेली. पुढची केस अर्ध्या तासात लागली, आणि त्या मृत्यूबद्दल तिच्याशी कुणी बसून बोललं नाही. त्या आठवड्यात तिनं मला विचारलं, सीट सोडली तर काय काय होतं? मी नियम सांगितले, आणि आधी तिच्या विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमशी बोलायला सांगितलं. त्या बोलल्या, आणि नीट बोलल्या. ती थांबली.

आता दुसरं वर्ष चालू आहे. अवघड श्वासमार्गाच्या केसेसना वरिष्ठ तिला हाक मारतात. अतिदक्षता विभागातलं काम तिला अनपेक्षितपणे आवडू लागलं आहे. बरोबरीची रेडिओलॉजीतली मैत्रीण संध्याकाळी मोकळी असते, आणि त्याचा हेवा वाटतो हे ती लपवत नाही. एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी शाखा विचारली आणि पुढचा प्रश्न केला, "म्हणजे स्वतःचं हॉस्पिटल नाही का होणार?" ते स्थळ तिथेच थांबलं. बाबा नातेवाइकांना अजून ‘मुंबईला एमडी करतेय’ एवढंच सांगतात. पण हल्ली त्यांनी स्वतःहून विचारलं, की आपल्या तालुक्यात भूल द्यायला किती जण आहेत?

वेगळं काय करता आलं असतं

निकालानंतरचे जवळजवळ दोन महिने तक्त्यात गेले. प्रत्यक्ष काम पाहायला चार दिवस लागले, आणि निर्णय त्या चार दिवसांनी झाला. ते चार दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढले असते, तर अखिल भारतीय कोट्याची यादी बाबांच्या क्रमानं भरली गेली नसती, आणि घरातला तो दोन दिवसांचा अबोलाही टळला असता.

बाबांना त्या रात्री भूलतज्ज्ञ बाईंकडे बरोबर नेता आलं नसतं, पण त्यांच्याशी भेट घालून देता आली असती. शाखेबद्दलचं पालकांचं मत ऐकीव माहितीवर असतं आणि ते त्या शाखेतल्या माणसाशी बोलूनच बदलतं. आम्हा शिक्षकांचा त्यावर फारसा इलाज चालत नाही.

तिची निवड स्त्रीरोगाकडून भुलीकडे वळली ती रजिस्टरमधल्या एका रकान्यामुळे. मला वाटतं, तिनं स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबरही एक दिवस काढायला हवा होता. ओढ होती म्हणून ती शाखा पारखलीच गेली नाही. कदाचित उत्तर तेच आलं असतं. पण ज्या शाखेसाठी ती मुळात आली होती, तिच्याकडे तिसऱ्या माणसाच्या नजरेनं पाहणं राहून गेलं.

आणि रँकबद्दल. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून नीट-पीजीचं पात्रता पर्सेंटाइल सगळ्या प्रवर्गांसाठी शून्यावर आणावं लागलं, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येक जण पात्र. त्याआधीच्या वर्षी १,४५६ रिकाम्या जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका टोकाला काही शाखांसाठी झुंबड आणि दुसऱ्या टोकाला ओस पडलेल्या जागा, असं चित्र असताना कट-ऑफमधून शाखेची गरज कळत नाही आणि तिचं मोलही कळत नाही. त्या वर्षी तिच्यासारख्यांनी काय मागितलं, एवढंच त्यातून कळतं.

यावर्षीपासून आमच्या विभागात आम्ही इंटर्नना ऐच्छिक पोस्टिंगचे दिवस रेडिओलॉजी आणि भूलशास्त्रात काढायला सांगतो आहोत, आणि एक रात्र ड्युटी केल्याशिवाय सही नाही. मुलांची कुरकुर आहे, एमसीक्यू बुडतात म्हणून. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

लवकरच तिची जिल्हा निवासी कार्यक्रमाची, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करण्याची, तीन महिन्यांची फेरी येईल. एमडीनंतर पुन्हा एक वर्षाची सेवा आहे, नाहीतर ५० लाखांचा दंड. हे वर्ष बहुतेकांना वैद्यकीय महाविद्यालयातच वरिष्ठ निवासी म्हणून मिळतं. ते आपल्याला त्याच पट्ट्यातल्या एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात मागून घेता येईल का, याची ती चौकशी करते आहे. घरी हे अजून सांगितलेलं नाही. तिच्या जुन्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आजही कॉलवरच येतात.